फुंकून घेतलेलें वाद्य

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली, असें म्हणून आमच्या पूर्वजांनीं वाद्याच्या खरेदीचा प्रश्न कायमचा सोडवून ठेवला आहे. हा तोडगा ज्यानें काढला तो मोठा व्यवहारी मनुष्य असला पाहिजे. परंतु त्याच्यावर सॅक्सोफोन विकत घेण्याचा प्रसंग आला नव्हता हें उघड आहे. सॅक्सोफोन मोडून खातां येत नाहीं. तो न वाजला तर भिंतीवर टांगून ठेवावा लागतो, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ‘हें काय हो?’ म्हणून विचारूं लागला कीं त्याची कथा पहिल्यापासून सांगावी लागते. आमच्या बैठकीच्या खोलींत असा एक सॅक्सोफोन दोन वर्षें टांगलेला होता. आतां तो तेथें नाहीं. परंतु खिळा आहे, आणि चौकस पाहुणे खिळ्याविषयींही विचारतात. ती कथा एकदां छापून टाकावी म्हणजे पुढचे श्रम तरी वाचतील, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आम्ही नारायणगांवचे. गांव मीना नदीच्या कांठीं, पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून सुमारें ७५ किलोमीटर. या गांवाचें नांव निघालें कीं लोक लगेच तमाशाचें नांव काढतात, आणि तें योग्यच आहे. विठाबाई भाऊ मांग (१९३५–२००२) यांनीं आपल्या नांवापुढें ‘नारायणगांवकर’ लावून गांवाला जी कीर्ति मिळवून दिली, ती आम्ही छत्तीस वर्षें गणित शिकवूनही मिळवून देऊं शकलों नाहीं. तेव्हां वाद्यांचें दुर्भिक्ष आमच्या गांवांत कधींच नव्हतें. ढोलकीची शाई उतरली तर कोणाकडे भरून घ्यावी, हलगी कोणाकडून मढवून घ्यावी, हें येथील पोराटोरांसही ठाऊक असतें. परंतु आमचा जीव जडला तो सॅक्सोफोनवर.

तो कसा जडला हें सांगितलें पाहिजे. आमच्या मागच्या आळींत लग्नांतून वाजविणारे एक बँडमास्तर राहतात. ते आम्हांस ‘गुरुजी’ म्हणतात, आम्ही त्यांस ‘मास्तर’ म्हणतों. म्हणजे दोघेही एकमेकांस शिक्षक समजतों आणि त्यांत निदान एकाची तरी चूक होते. एका लग्नांत नवरदेवाचा घोडा यावयास उशीर झाला. वाजवून दमलेले बाकीचे वाजंत्री चहास गेले. मास्तर मंडपाच्या कडेला एका पालथ्या पातेल्यावर बसले, त्यांनीं बाजूस ठेवलेला जुना सॅक्सोफोन उचलला, आणि कोणी ऐकत नाहीं अशा समजुतीनें ते हळूहळू कांहींतरी वाजवूं लागले. तो आवाज मिरवणुकींतला नव्हता. रात्रीं निजानीज झाल्यावर घरांतले वडील माणूस ओसरीवर बसून स्वतःशींच बोलतें, तसा तो होता. आम्ही अक्षत हातांत घेऊन तसेच उभे राहिलों. पुढच्याच वर्षीं आम्हांस पेन्शन झाली.

आतां आमच्या जुन्नर तालुक्यांत कोणतीही वस्तु पारखल्याशिवाय कोणी घेत नाहीं. बेल्ह्याच्या बाजारांत बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत पाहतात, खांदा चाचपतात, चालवून पाहतात, आणि मग रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितात. आमच्या गांवच्या टोमॅटोच्या बाजारांत व्यापारी वरचीं लालभडक फळें पाहून भुलत नाहीं. तो क्रेटच्या तळाशीं हात घालतो. फार काय, गुढीपाडव्याच्या आगेमागें येथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवच्या यात्रांचे पंच येऊन फड ठरवितात, तेव्हां तेथें कोणी नाचून दाखवीत नाहीं हें खरें. परंतु म्हणून ती पाण्यांतली म्हैस नव्हे. गेल्या वर्षीं शेजारच्या गांवीं पंचांनीं तो फड पहाटेपर्यंत पाहिलेला असतो. आणखी एक आश्चर्य सांगतों. आमच्यापासून जवळच खोडदला दुर्बिणींचा एक मोठा समूह आहे; ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, कांहीं खोडदला आणि बाकीच्या आसपासच्या गांवांत पसरलेल्या. अब्जावधि वर्षांपूर्वीं निघालेल्या रेडिओलहरी तेथें बसून ऐकतां येतात. सॅक्सोफोन मात्र विकत घेण्यापूर्वीं ऐकतां येईल असें दुकान त्या तीसही तबकड्यांच्या टापूंत एक नव्हतें.

तेव्हां आम्हीं जें आजकाल सर्वच करतात तेंच केलें. नातवाच्या मदतीनें घरबसल्या चित्र पाहिलें, किंमत पाहिली आणि पार्सल मागविलें. पेटी उघडली त्या दिवशीं घरांत सण झाला. पितळेवर सोन्यासारखी झिलई, घंटेच्या आकाराच्या तोंडावर वेलबुट्टी, आंत मखमल. मास्तरांस बोलावलें. त्यांनीं तें वाद्य गळ्यांत अडकविलें, वरचे स्वर काढले, मान हलविली. मग खालच्या स्वरांकडे उतरले, आणि तेथें आवाज एकदम घरघरून फुटला. पुन्हा फुंकलें, पुन्हा तेंच. तेव्हां त्यांनीं खिडक्या लावावयास सांगितल्या, तारेला बांधलेला एक लहानसा दिवा सॅक्सोफोनच्या पोटांत सोडला, आणि सगळीं छिद्रें झांकणांनीं दाबून धरलीं. अंधारांत पाहतों तों पांच-सहा झांकणांच्या कडेनें उजेडाच्या बारीक चिरा बाहेर पडत होत्या.

“गुरुजी,” मास्तर म्हणाले, “ह्याला भोकं नाहीत, चाळण आहे.”

विकणारांस कळविलें. उत्तर आलें कीं, तोंडाला लावलेलें वाद्य परत घेतां येत नाहीं. तें तोंडास लावल्यावांचून त्याचा दोष कसा कळावा, असें आम्हीं विचारलें; त्याचें उत्तर आलें नाहीं. अशा रीतीनें तो सॅक्सोफोन खिळ्यावर गेला.

येथें या वाद्याची थोडी हकीकत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाहीं. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानें (१८१४–१८९४) तें बनविलें आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. बिचाऱ्याचें आयुष्य कज्जांत आणि दिवाळखोरींत गेलें. नांव मात्र वाद्याच्या रूपानें उरलें. अंग पितळेचें असूनही हें वाद्य जातीनें बांसरी-सनईच्या बाजूचें आहे. कारण त्याचा स्वर पितळेंतून उत्पन्न होत नाहीं. माउथपीसला बांधलेली वेताची एक चपटी पातळ पट्टी, जिला रीड म्हणतात, तिच्या कंपनांतून तो उत्पन्न होतो. आमच्या वाडवडिलांनीं ज्या बोरूनें कित्ते गिरविले त्याच्याच कुळांतलें हें गवत. पुढें निमुळत्याचा रुंद होत जाणारा नळा, त्यावर वीस-बावीस छिद्रें, प्रत्येक छिद्रावर चामड्यानें मढविलेली गादी, आणि त्या गाद्या उचलावयास तरफा, दांडे व सुईसारख्या स्प्रिंगा. यांतली एक गादी केसभर तिरकी बसली कीं तिच्याखालचे सर्व स्वर आजारी पडतात. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेले दोन सॅक्सोफोनही म्हणूनच अगदीं सारखे नसतात. त्यांतून वाजविणाऱ्याचे ओठ, दांतांची ठेवण आणि छातींतला दम हीं निराळीं. चित्रावरून सोयरीक ठरविण्याचे दिवस गेले असें आपण म्हणतों, आणि असलें नाजूक वाद्य मात्र चित्रावरून घेतों!

दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो. आम्हीं तर फुंकावयाचीच वस्तु घ्यावयाची होती. तेव्हां चाळीस हजार रुपये पुन्हा बाजूस काढले (घरांतून यावर जें बोलणें झालें तें येथें देत नाहीं) आणि या वेळीं पुण्यास जाऊन समक्ष घ्यावयाचें ठरविलें.

पुण्यांतील ज्या दुकानांत आम्ही गेलों तेथें तीन सॅक्सोफोन कांचेच्या कपाटांत उभे होते. आम्हीं वाजवून पाहण्याची इच्छा दर्शविली. दुकानदार सभ्य गृहस्थ होता. त्यानें विचारलें, “आपल्याला वाजवितां येतं का?” आम्हीं खरें तें सांगितलें कीं, येत नाहीं, शिकावयाचें आहे. “मग वाजवून काय पाहणार?” असें तो म्हणाला नाहीं; परंतु त्याच्या चेहऱ्यावर तें इतकें स्वच्छ लिहिलें होतें कीं आम्हांस, जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्यामुळें, तें वाचावयास मुळींच कष्ट पडले नाहींत. त्यानें आपली अडचण सांगितली. तोंडाचें वाद्य, आज एकानें फुंकलें, उद्यां दुसऱ्यानें, तर परवां जो घ्यावयास येईल तो म्हणेल हें वापरलेलें आहे, किंमत कमी करा. शिवाय रोगराईचें भय. त्याच्या बोलण्यांत खोटें कांहींच नव्हतें. आम्हीही मिठाईच्या दुकानांत दुसऱ्यानें चाखलेला पेढा घेणार नाहीं. तोड म्हणून त्यानें आपल्या नोकराकडून वाजवून दाखविण्याची तयारी दाखविली. तो पोरगा मोठा तरबेज निघाला. १९६९ सालच्या ‘आराधना’ चित्रपटांतील ज्या गाण्यांत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे, तें त्यानें असें कांहीं वाजविलें कीं रस्त्यावरचे दोघेजण दारांत येऊन उभे राहिले. आम्हीं पैशांच्या पाकिटाला हात घातला, आणि तेवढ्यांत मनांत आलें कीं हा मुलगा कांहीं आमच्याबरोबर नारायणगांवास येणार नाहीं. तो वाजवीत होता तें त्याचें वाजविणें होतें. वाद्य कसें आहे हें त्यावरून कळलेंच नव्हतें. पाकीट तसेंच खिशांत ठेवून आम्ही खालीं उतरलों.

परतींच्या एस. टी.त खेडचा घाट येईपर्यंत आम्ही या गोष्टीचा विचार करीत होतों. दोष कोणाचाच नव्हता, म्हणून तो अधिकच बोचत होता. ज्यास परीक्षा करतां येते त्याच्या खिशांत पैसे नसतात. ज्याच्या खिशांत पैसे असतात त्यास परीक्षा येत नाहीं. आणि बाजार चालतो तो या दोन माणसांची गांठ पडत नाहीं म्हणून. आम्हीं ठरविलें कीं ती गांठ घालावयाची. घरीं न जातां आधीं मास्तरांकडे गेलों.

मास्तर म्हणाले, “मुंबईला चला. धोबीतलावावर.”

आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याण, तेथून लोकल. धोबीतलावावर तलाव नाहीं आणि धोबीही नाहींत. परंतु वाद्यांची परंपरा जुनी आहे. फुर्टाडो या नांवाची पेढी येथें १८६५ पासूनची. जेर महाल या जुन्या इमारतींत गोव्यांतील गांवांचे कूड, म्हणजे मुंबईस पोटासाठीं आलेल्या गोवेकरांचीं उतरण्याचीं ठिकाणें. बोटींवर जाणारे खलाशी येथें उतरत, तसेच वाजविणारेही उतरत. गोव्यांतील चर्चच्या शाळांत लहानपणींच स्वरलेखन शिकलेले हे लोक. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्या हातांवर आणि फुंकरीवर उभे राहिले. एक गोष्ट मात्र खरी कीं, सॅक्सोफोन केवळ त्यांचाच राहिला नाहीं. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) हे नागस्वर वाजविणाऱ्या पित्याचे पुत्र. त्यांनीं म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडमध्यें हें वाद्य ऐकलें आणि त्यावर सबंध कर्नाटक संगीत आणून बसविलें. मास्तरांस हें सारें ठाऊक होतें. मिरवणुकींत वाजविणारा मनुष्य काय ऐकतो, काय जाणतो, हें मिरवणुकींतल्या लोकांस कधींच कळत नाहीं.

मास्तर आम्हांस मोठ्या दुकानांत न नेतां एका गल्लींत, लाकडी जिना चढून, एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. वृद्ध गोवेकर, नाकावर चष्मा, समोर गाद्या, स्प्रिंगा, बुचें यांचा पसारा. त्याच्याकडे विकावयास तीन सॅक्सोफोन होते. वाजवून पाहूं द्याल का, असें आम्हीं भीत भीत विचारलें. त्यानें आमच्याकडे असें पाहिलें, जणूं काय आम्हीं खाणावळींत जाऊन ‘जेवूं द्याल का?’ असें विचारलें होतें. त्याची रीत साधी होती. माउथपीस तो औषधी पाण्यांत बुडवून, पुसून हातांत देई. रीड मात्र प्रत्येकानें नवी विकत घ्यावयाची, वाद्य घ्या अगर न घ्या. पुण्याच्या सज्जन दुकानदाराची अडचण त्यानें एका रीडच्या किमतींत सोडविली होती.

मास्तरांची परीक्षा पाहण्यासारखी होती. पहिलीं दहा मिनिटें त्यांनीं वाद्य तोंडाला लावलेंच नाहीं. कानाशीं धरून एकेक गादी टपटप दाबली आणि तिचा आवाज ऐकला. स्प्रिंगांवरून नख फिरविलें. मानेचा भाग घालून डुगडुगतो काय तें पाहिलें. मग खालचे स्वर काढले, तेही अगदीं हळू. आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाले, “जोरानं फुंकलं की गळकं वाद्यसुद्धा वाजतं, गुरुजी. खरं-खोटं हळू फुंकल्यावर कळतं.” मग एक स्वर लांबवून, तोच वरच्या सप्तकांत घेऊन, दोन्ही जुळतात काय तें पाहिलें. असें तिन्ही वाद्यांचें झालें. शेवटीं त्यांनीं त्यांतला एक जुना जपानी सॅक्सोफोन पुन्हा उचलला. त्याची झिलई उडालेली, कमरेजवळ एक पोचा. त्यावर त्यांनीं एका लावणीची चाल सुरू केली. तोच मंडपाबाहेरचा आवाज. दुरुस्तीवाल्यानें हातांतला स्क्रू-ड्रायव्हर खालीं ठेवला. कितीतरी वेळ कोणी बोललें नाहीं.

“हाच घेऊं,” आम्हीं म्हटलें.

“आधीं तुम्ही वाजवा,” मास्तर म्हणाले.

आम्हांस घाम फुटला. साठ वर्षांच्या मनुष्यानें दोन जाणत्यांसमोर रेडकासारखें ओरडावें ही कल्पनाच सहन होईना. तें मास्तरांच्या ध्यानांत आलें असावें. ते उठले, खिडकीपाशीं गेले, आणि आमच्याकडे पाठ करून खालचा रस्ता पाहत उभे राहिले. दुरुस्तीवाल्यानेंही एकाएकीं कसल्याशा डब्यांत डोकें घातलें. मग आम्हीं फुंकलें. त्या जुन्या जपानी वाद्यांतून, ज्यानें आतांच सारी खोली भरून टाकली होती, आमच्या फुंकरीला वाफ तेवढी बाहेर पडली. दुसरें वाद्य किंचाळलें. तिसरें साधें, फारसें जुनें नाहीं, नजरेंत न भरणारें असें होतें. त्यांतून एक स्वर आला. वेडावांकडा, परंतु स्वर. पुन्हा फुंकला, पुन्हा आला. तासाभरांत पांच स्वर आले.

मास्तर खिडकींतूनच म्हणाले, “गुरुजी, तो तुमचा. आधींचा वाजला तो माझ्या तोंडाला वाजला.”

तिसऱ्याचे अडतीस हजार झाले, आम्हीं दिले. मास्तरांनीं तेवढ्या वेळांत तो जुना जपानी सॅक्सोफोन आंतून बाहेरून पुसला, पेटींत ठेवला, कड्या लावल्या. आणि मग उगीचच पेटी पुन्हा उघडून एकदां पाहिलें. त्यांचा स्वतःचा सॅक्सोफोन आम्हांस माहीत होता. त्याच्या दोन तरफा रबराच्या चकत्यांनीं ओढून धरलेल्या असतात. आम्हीं जपानी वाद्याची किंमत विचारली. पासष्ट हजार. आम्हीं जिन्यांत मास्तरांस म्हटलें, “अर्धे आम्ही घालतों, तुम्ही सवडीनें द्या.” ते हसले. “घेऊन करूं काय, गुरुजी? वरातींत गुलाल, पाऊस, पुढं डी. जे.ची गाडी. पूर्वी हंगामांत एक दिवस रिकामा जात नव्हता. आतां लोक बँड सांगतच नाहीत. ते वाद्य घरीं ठेवायचं असतं, आणि आपलं घर असं की ठेवायला खुंटी नाही.”

आम्हीं पुन्हा आग्रह केला नाहीं. करावयास पाहिजे होता, असें आतां वाटतें.

माळशेजमध्यें धुकें होतें. मास्तर बराच वेळ गप्प होते. घाट चढून गाडी वर आल्यावर त्यांनीं विचारलें, “तो तुमचा भिंतीवरचा आहे, त्याचं काय करणार?” म्हातारबोवांस त्यांनीं जातां जातां विचारून घेतलें होतें: सगळ्या गाद्या बदलल्या तर ती चाळण बुजेल काय? पत्रा बरा असेल तर बुजेल, असें तो म्हणाला होता. आम्हीं म्हटलें, घेऊन जा. पैशांचें नांव काढूं नका. मास्तरांनीं तें नांव काढलें आणि हंगामानंतर हप्त्यानें द्यावयाचें कबूल करून घेतलें. तेव्हां कुठें ते खिळ्यावरून वाद्य काढावयास आमच्या घरीं आले.

गेल्या वैशाखांत आमच्या आळींत एक लग्न झालें. मुलीच्या आजोबांनीं हट्ट धरल्यामुळें डी. जे. नव्हता, बँड होता. वरात आमच्या दारापुढें थांबली. मास्तरांच्या गळ्यांत तोच सॅक्सोफोन होता. झिलई तशीच सोन्यासारखी, तोंडावर तीच वेलबुट्टी. त्यांनीं वर गच्चीकडे पाहिलें, आम्ही उभे आहों अशी खात्री करून घेतली, आणि चाल मध्येंच सोडून ते एकदम खालच्या स्वरांकडे उतरले, हळू फुंकीत. एकही स्वर घरघरला नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं आपला सॅक्सोफोन पेटींतून काढला. वरचे आठ-नऊ स्वर आतां बरे येतात. खालचा मात्र अद्याप फुटतो. मास्तरांनीं दिवा आंत सोडून पाहिला. उजेड कोठूनही बाहेर येत नाहीं.